अण्णा, रातपाळीच्या डब्याबद्दल मनापासून आभार

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

तुमच्यापुढं आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चहा टाक की ताई" म्हणून विषय तोडता. म्हणून लिहून काढतेय, आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय. घरात काचेची टाकी असलेली कितीतरी कुटुंबं आपल्या सोलापुरात आहेत. त्यांतल्या ज्यांच्याकडं कोरी, सकर, लोच असे तळाला राहणारे मासे आहेत, त्यांच्यापर्यंत तुमचं सांगणं पोचावं असं मला फार वाटतं. तळातल्या माशांना पोटभर खायला मिळतंय का, एवढाच विषय. पण माझ्या घरातले मासे त्यावरच वाचले.

आमची टाकी तुम्हाला पाठच आहे. ३ फुटी, साधारण १२५ लिटरची. वरच्या पाण्यात रोझी बार्ब आणि ब्लॅक विडो टेट्रा, खाली वाळूवर कोरींचा घोळका, लाकडाच्या ओंडक्याखाली एक ब्रिसलनोज, म्हणजे सकरच्याच कुळातला छोटा मासा, आणि कुठंतरी वाळूत दडलेले कुली लोच. मासे जिथून आणले तिथं आम्हाला बजावून सांगितलं होतं, की खालच्यांना वेगळं काही टाकायचं नाही, ते वरच्यांचं उरलेलं आणि टाकीतली घाण खातात, टाकी साफ ठेवतात. हे नुसतं आम्हालाच सांगितलं असं नाही. टाकी घेणाऱ्या बहुतेकांना हेच ऐकायला मिळतं. सकर तर टाकी साफ करणारा मासा म्हणूनच गळ्यात मारतात.

पाणी नितळ होतं. पाणी तपासायच्या किटवर विषारी अमोनिया शून्य येत होता. तरी कोरी वाळत चालल्या होत्या, एकेक करून जात होत्या. औषधं सुचवणारे पुष्कळ भेटले. कुणी मीठ टाका म्हणालं, कुणी पाणी बदला.

तुम्ही आलात ते एअर पंप दुरुस्त करायला. पिशवी खाली ठेवलीत आणि पंपाकडं न बघता थेट फरशीवर बसलात, डोळे वाळूच्या पातळीला आणून. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "ताई, ह्यांचं पोट बघ. आत गेलंय. आजार नाही, उपास घडतोय." आणि मला म्हणालात, रोज टाकतेस तसं टाक बरं.

मी चिमूटभर फ्लेक्स, म्हणजे माशांच्या खाण्याचे तरंगणारे पापुद्रे, टाकले. बार्ब तुटून पडले, पाण्याच्या वरच्या चार बोटांतच सगळं संपलं. मग तुम्ही तुमच्या पुडीतला एक बुडणारा दाणा सोडलात. तो अर्ध्यावर पोचेपर्यंत एका बार्बनं तोंडात घेतला, मोठा म्हणून थुंकला, दुसऱ्यानं झेलला, तिसऱ्यानं त्याच्या तोंडातला कण ओढला. त्या सगळ्या गडबडीत एक कोरी टाकीच्या दुसऱ्या टोकाला मिश्या वाळूत खुपसून शांतपणे हुंगत होती. तिला वास लागला, ती वळली, त्या जागी आली, तेव्हा तिथं काहीच नव्हतं. तरी ती तिथं फिरत राहिली. रोज टाकीसमोर उभी राहूनही मी हे कधी खालपर्यंत पाहिलं नव्हतं, कारण खायला टाकलं की आपली नजर वरच राहते.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते आमच्या घरात आता सगळ्यांच्या तोंडी आहे. "माझी निम्मी जिंदगी मागावर रातपाळीत गेली. रातपाळीवाल्याचा डबा घरात वेगळा काढून ठेवायला लागतंय. सगळे जेवून उरलं तर देऊ म्हटलं, तर उरत नसतंय."

त्या दिवसापासून मी जिथं मिळेल तिथं वाचत गेले, आणि तुमचं प्रत्येक म्हणणं खरं निघत गेलं. कोरी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधली. तिथं ती वाळू चाळून किड्यांच्या अळ्या, बारीक किडे, गांडुळासारखे जीव खाते. अन्न शोधताना तिची भिस्त डोळ्यांपेक्षा वासावर आणि मिश्यांच्या स्पर्शावर असते, म्हणून तिला वेळ लागतो. बार्ब बघतो आणि झडप घालतो. दोघांना एकाच पंगतीला बसवलं तर कोरीच्या पानात काय पडणार? आणि दुसऱ्याची विष्ठा खाऊन यातला कुठलाच मासा जगत नाही. विष्ठेचा अमोनिया होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते पाणी बदलूनच बाहेर काढावं लागतं. साफसफाई जिवाणू करतात आणि आपण करतो. तळातला मासा खातो, तसा तोही घाण करतोच.

माझा मुलगा तेव्हा म्हणाला होता, की पण कोरी मधूनच सुसाट वर येतात, म्हणजे वरचं खातच असतील. त्याला तुम्ही जवळ घेऊन दाखवलंत, की ती वर येऊन फक्त हवेचा घोट घेते आणि खाली जाते. ती हवा ती आतड्यातून शोषते. वर येण्याच्या खेपा फार वाढल्या तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय असं समजायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. तो आता रोज लक्ष ठेवतो.

तुमच्या पिशवीतून वायरिंगचा पांढरा पाईप निघाला तेव्हा मला वाटलं पंपाचं काहीतरी असेल. तुम्ही तो टाकीच्या उंचीपेक्षा वीतभर लांब कापलात, टोकाची धार घासून गुळगुळीत केलीत. मग आईला विचारलंत, न वापरलेली पणती आहे का घरात. दिवाळीच्या डब्यातली एक नवी पणती निघाली. तेल न लागलेलीच हवी, हे तुम्ही दोनदा विचारलंत. ती उकळत्या पाण्यातून काढून वाळूवर ठेवली, पाईपचं खालचं तोंड पणतीवर, वरचं पाण्याबाहेर. पाईपमधून दाणा सोडला की तो थेट पणतीत. बार्ब पाईपभोवती घिरट्या घालत राहिले आणि खाली पहिल्यांदा कोरींना काहीतरी मिळालं. त्या पणतीत एकमेकींच्या अंगावर चढून खात होत्या. आई बाजूला उभी राहून म्हणाली, "अगंबाई, भूक होती की गं लेकरांना."

त्या पणतीचा दुसरा फायदा मला पुढं कळला. अन्न वाळूत विखरत नाही. सकाळी उरलेलं असेल तर पणतीसकट उचलून काढता येतं. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे. नळाला पाणी येतं ते काही-काही दिवसांआड. टाकीत अन्न सडलं आणि पाणी बदलायचं म्हटलं तर बदलणार कशानं? बाहेर जे सांगतात की बिघडलं तर लगेच निम्मं पाणी बदला, ते सोलापुरात पिंप भरलेलं असेल तरच जमतं. म्हणून खालच्यांना खाऊ घालायचं म्हणजे भरमसाट टाकत सुटायचं नाही, हा तुमचा दुसरा धडा मी पहिल्याइतकाच मानते. वरच्यांचं थोडं कमी करायचं आणि तेवढं खालच्यांकडं वळवायचं.

आता आमच्याकडं असं चालतं: संध्याकाळी आधी वरच्यांना एका टोकाला फ्लेक्स. ते तिकडं गुंतलेले असताना दुसऱ्या टोकाला पाईपमधून कोरींचे बुडणारे दाणे. मग दिवा बंद. अर्ध्या तासानं, बार्ब सुस्तावले की ब्रिसलनोज आणि कुलींसाठी वेफर, म्हणजे माशांच्या खाण्याची बुडणारी चपटी वडी. हे दोघं खरे रातपाळीवाले. दिवसा कितीही चांगलं टाका, कुली वाळूतून तोंड बाहेर काढत नाहीत.

ब्रिसलनोजला शेवाळ पुरेल असं आम्हाला सांगितलेलं होतं. काचा आधीच चाटूनपुसून साफ झालेल्या, तो खाणार काय? काकडीची चकती गरम पाण्यातून काढून, काट्याच्या चमच्याला खोचून खाली ठेवायची, ही तुमची युक्ती. कधी पालकाचं पान, कधी सोललेला मटार. रात्रभर ठेवायचं, सकाळी उरलेलं काढायचं. नाल्यातले जिवंत ट्यूबिफेक्स किडे आणू का विचारलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. त्यांच्यासोबत रोग घरात येतात म्हणालात. त्याऐवजी आठवड्यातून एखाद्या वेळी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या. तेही पाईपमधूनच, नाहीतर कोरींना दिसणारसुद्धा नाहीत.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे पोट बघायची सवय. कोरी समोरून बघायची: पोट खालून भरलेलं, किंचित गोल दिसलं पाहिजे. ब्रिसलनोज काचेला चिकटला की त्याचं पोट आपल्याकडं असतं, ते आत ओढलेलं दिसलं किंवा डोळे खोल गेले तर उपाशी समजायचं. कुलींसाठी तुम्ही मोबाईलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून दिलात. लाल उजेडात ते बिचकत नाहीत. त्या उजेडात पणतीभोवती त्यांची वळवळ पहिल्यांदा पाहिली, तेव्हा कुली सगळे जिवंत आहेत हे कळलं. आम्हाला तीही खात्री नव्हती.

शेजारच्यांच्या सकरचंही सांगायलाच हवं. तो वाढत वाढत टाकीत वळेनासा झाला होता आणि रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटत होता. त्यांचा मुलगा त्याला सिद्धेश्वर तलावात सोडायला निघाला होता, आणि योगायोगानं तुम्ही जिन्यात भेटलात. उपाशी सकर दुसऱ्या माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडून खातो, त्याला आधी खायला द्या, असं तुम्ही समजावलंत. तलावात सोडायचं तर नावच काढू नका म्हणालात. हा मासा फूटभराच्या वर जातो, अंगावर हाडांचं चिलखत असतं, आणि आंध्र-बंगालच्या तळ्यांत पसरून त्यानं मासेमारांची जाळी फाडलीत. शेवटी तुम्हीच त्याला तुमच्या मोठ्या हौदात नेलंत. तो हौद तुमच्या घरच्या अक्का घासतात हेही मला माहीत आहे. त्यामुळं हे पत्र त्यांनाही आहे.

आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्ही फार बारकाईनं शिकवलात. २० अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. आणि नेमक्या त्याच दिवसांत उरलेलं अन्न लवकर सडतं, सडताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेतं. तळाशी राहणाऱ्याच्या तोंडाशीच ही सडण असते. म्हणून एप्रिल-मेमध्ये एकदम न टाकता थोडं-थोडं, दोन वेळा, आणि पणती सकाळची वाट न बघता झोपण्याआधीच उचलायची. टाकीवर टेबल फॅन लावायचा. गेल्या उन्हाळ्यात बाहेर ४० च्या वर पारा असताना आमची एकही कोरी गेली नाही.

अण्णा, पंपाच्या दुरुस्तीचे तुम्ही घेतलेत ते पैसे एका वडापावच्या गाडीवर संपतील इतके होते. बाकीच्या शिकवणीचं काही घेतलं नाहीत, उलट "पोट भरलं की सांग" म्हणालात. भरलंय. कोरी जाड झाल्यात, मागच्या आठवड्यात काचेवर त्यांची अंडी दिसली. ती बहुतेक बार्बनी खाल्ली, पण अंडी घालण्याइतक्या त्या धडधाकट झाल्यात याचा मला किती आनंद झाला, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आता एक विचारायचं आहे. मे महिन्यात आम्ही मंगळवेढ्याला आठवडाभर जाणार आहोत. धडधाकट मोठे मासे काही दिवस न खाता राहतात हे मला पटलंय, आणि अनोळखी हातानं मूठभर टाकण्यापेक्षा उपास बरा, हेही. पण ब्रिसलनोजला उपाशी ठेवायला माझं मन धजत नाही. शेजारच्या पोराकडं एका वेळची एक अशा पुड्या बांधून ठेवू का, आणि त्यात वेफर किती घालू, ते कळवा. अक्कांना घेऊनच या. पंप पुन्हा आवाज करायला लागलाय, आणि शेंगाची चटणी नवी कुटलीय, भाकरी कडक करून ठेवते.

तुमची,
जोडभावी पेठेतली ताई