सनावळी गाळण्याचा सल्ला मागे घ्या

महोदय,

कालच्या पुरवणीत इटालियन लेखिका एल्सा मोरान्ते यांच्यासाठी अर्धे पान दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यांची दुसऱ्या महायुद्धावरची कादंबरी ‘ला स्तोरिया’ (म्हणजे ‘इतिहास’) वाचू पाहणाऱ्यांना ‘प्रत्येक भागाआधीची सनावळी रटाळ आहे, ती गाळून थेट गोष्टीकडे वळा’ असा सल्ला त्याच लेखात आहे. तो छापण्याआधी पुस्तक कोणी उघडून पाहिले होते का?

कादंबरीचे नऊ भाग आहेत. 1941 ते 1947 या वर्षांचा एकेक, आणि दोन्ही टोकांना साल अर्धवट सोडलेला एकेक. प्रत्येक भागाच्या आरंभी बारीक टाइपात जगाचा हिशेब येतो: करार, चढाया, नवी शस्त्रे, मेलेल्यांचे आकडे. मग मोठ्या टाइपात ईदा येते. ही रोमच्या सान लोरेंझो वस्तीतली विधवा प्राथमिक शिक्षिका, आई ज्यू असल्यामुळे सतत धास्तावलेली. त्या हिशेबात ईदा कुठेच नाही, आणि तो ईदाच्या कानावर धड येतही नाही. मोरान्तेंना दाखवायचे होते ते नेमके हेच. अर्धे गाळले की उरते ती एका दुर्दैवी बाईची कहाणी, आणि मग लेखात म्हटल्याप्रमाणे ती ‘भावुक’ वाटणारच.

जानेवारी 1941 मध्ये ईदावर बलात्कार करणारा जर्मन सैनिक पोरसवदा आहे. त्याच्या गावाचे नाव दाखाऊ, जिथे नाझींची कुप्रसिद्ध छळछावणी होती. त्याच्या लेखी ते नुसते घर, ईदाच्या लेखी काहीच नाही. वाचकाच्या अंगावर मात्र काटा येतो. 19 जुलै 1943 ला सान लोरेंझोवर बाँब पडतात तेव्हा दोस्त सैन्याला सिसिलीत उतरून नऊ दिवस झालेले असतात. ईदा सामान घेऊन, त्या बलात्कारातून जन्मलेल्या, दोन वर्षांचाही नसलेल्या उसेप्पेला धरून घराकडे येते, तर इमारतच नाही. पोर ढिगाऱ्याकडे बघून ‘बीऽ, बीऽ’ अशी हाक मारत राहते. ब्लिट्झ हा त्यांचा कुत्रा. युद्ध कुठवर आले आहे हे ठाऊक असलेल्या वाचकालाच ती हाक नीट ऐकू येते.

वाचायची रीत अवघड नाही. सनावळी काही पानांचीच असते. ती आधी एकदा वाचावी, तारखा पाठ करू नयेत, आणि तो भाग संपला की मागे जाऊन पुन्हा चाळावी. विल्यम वीव्हर यांच्या 1977 च्या इंग्रजी अनुवादातही हे जमते. शेवटची सनावळी तर मुळीच चुकवू नये, कारण ती कादंबरीच्या अगदी टोकाला आहे. ‘आणि इतिहास चालूच आहे’ असे म्हणून ती थांबते. त्यानंतर इटलीतल्या तूरीच्या तुरुंगातल्या कैदी क्रमांक 7047 चे, सगळी बियाणी वाया गेली, एक तेवढे उरले, अशा अर्थाचे वाक्य येते. तो कैदी म्हणजे इटलीचे कम्युनिस्ट विचारवंत ग्राम्शी. नाव मोरान्ते देत नाहीत. सनावळी गाळणारा इथवर पोचणार कसा?

पुस्तकाच्या स्वस्त किमतीला लेखात ‘विक्रीची क्लृप्ती’ म्हणणेही अन्यायाचे आहे. 1974 मध्ये पुस्तक थेट कागदी बांधणीत, 2000 लिऱ्यांना निघाले ते मोरान्ते यांच्याच आग्रहाने. अर्पणपत्रिका आहे ‘ज्या निरक्षरासाठी मी लिहितो’ त्याला. ओळ पेरूचे कवी वायेहो यांची. हाताशी इतिहासाचे पुस्तक नसलेल्या वाचकालाही महायुद्धाचा क्रम कळावा, ही सोय सनावळीने होते, असे मला वाटते.

आणि मोरान्तेंच्या छायाचित्राखाली ‘मोराव्हिया यांच्या पत्नी’, म्हणजे कादंबरीकार आल्बेर्तो मोराव्हियांच्या पत्नी, एवढीच ओळख का? दोघे ‘ला स्तोरिया’च्या कितीतरी आधी वेगळे झाले होते. 1957 मध्ये स्त्रेगा हा इटलीतला मानाचा साहित्य पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे मोरान्ते. निदान ही दुरुस्ती तरी पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर छापावी ही विनंती.

— आपला एक वाचक, पुणे