इंग्रजी येते, पण रकाना उरत नाही

मा. संपादक,

येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. भाषेचे प्रश्न घरयादीत, म्हणजे घरांची नोंद करण्याच्या पहिल्या टप्प्यात नसतात, ते नंतरच्या माणसांच्या मोजणीत असतात. २०११ च्या जनगणनेच्या प्रश्नावलीत १० वा प्रश्न मातृभाषेचा होता आणि ११ वा येणाऱ्या इतर भाषांचा. या ११ व्या प्रश्नात फार तर दोन भाषा लिहिता येत. महाराष्ट्राची अडचण इथेच आहे.

धुळ्याकडचे अहिराणी बोलणारे घर घ्या. कर्त्या माणसाची मातृभाषा अहिराणी, शाळा मराठीत झाली, बाजारात हिंदी रोजची आणि नोकरीत इंग्रजी बोलावेच लागते. जी भाषा जास्त चांगली येते ती आधी लिहायची, म्हणून मराठी आणि हिंदीतच दोन्ही जागा संपतात. इंग्रजी नोंदलीच जात नाही. शेजारी मराठी मातृभाषेचा, तेवढेच इंग्रजी येणारा माणूस मात्र ‘हिंदी, इंग्रजी’ लिहून इंग्रजी जाणणाऱ्यांत मोजला जातो. लमाणी, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या घरांचेही असेच होते. पुढे याच आकड्यांवरून कुठल्या तालुक्यात इंग्रजी कमी ते ठरवले, तर तो निष्कर्ष चुकीचाच निघणार.

उलट चूकही होते. प्रगणकांना सूचना असते की लिहिता-वाचता येण्याची अट नाही, भाषा समजून बोलता आली पाहिजे. पण दारात ‘इंग्रजी येते का?’ एवढेच विचारले, की पाट्या वाचता येणारा माणूसही ‘हो’ म्हणतो. २०११ मध्ये देशभरात इंग्रजी येणारे सुमारे १२.९ कोटी भरले. त्यात सफाईने बोलणारे किती आणि अडखळत वेळ निभावणारे किती, हे कळायला मार्ग नाही, कारण प्रश्नात पायऱ्याच नाहीत. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या नमुना सर्वेक्षणात घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या पाच वर्षांवरील प्रत्येकासाठी चार पर्याय असतात: खूप चांगले, चांगले, फारसे नाही, अजिबात नाही. त्यात निवड झालेल्या तिथल्या मराठी कुटुंबांनाही हाच प्रश्न विचारला जातो.

मातृभाषेचा प्रश्नही आजच्या घराबद्दल नसतो. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली, ती मातृभाषा. त्यामुळे सासू, सून आणि नातू यांची उत्तरे वेगळी असू शकतात. कुटुंबप्रमुखाची भाषा सगळ्यांच्या नावापुढे ओढून लिहिणे चूक आहे. अहिराणी ही भाषा की बोली, हे प्रगणकाने ठरवायचे नाही. सांगितले तेच नाव लिहायचे.

या वेळी नोंद मोबाइल ॲपवर होणार असल्याने कागदावर जागा नाही, ही सबब उरत नाही. इतर भाषांसाठी निदान तीन रकाने द्यावेत, इंग्रजीपुढे पायऱ्या असाव्यात आणि आज घरात काय बोलता, हा प्रश्न वेगळा असावा. एवढे जमणार नसेल, तर प्रशिक्षणात एक वाक्य तरी पक्के करून घ्यावे: ‘या भाषेत समोरच्याशी बोलता येते का?’

– एक वाचक, धुळे