रस्ता आधी झाला, जलवाहिनी राहिली : मा. नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या छोट्या शहराच्या बाजारपेठेतला नवाकोरा काँक्रीट रस्ता गेल्या आठवड्यात फोडायला घेतला. त्याच्या भूमिपूजनाला आपण आला होतात. "आधी जलवाहिनी आणि भुयारी गटार, मगच रस्ता," असा शब्द आपण माइकवरून दिला होतात. रस्ता आधी झाला. आता खालची जुनी जलवाहिनी फुटली म्हणून त्यावर ब्रेकर चालतोय.

तो चर मी वाकून पाहिला. गंजून पापुद्रे सुटलेला लोखंडी पाइप, त्याला खेटून गटार आणि त्या गटारातूनच घराघरांत गेलेल्या नळजोडण्या. एका सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. पाणी दिवसाआड येतं. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि सैल सांध्यांतून गटाराचं पाणी आत शिरतं. त्यात लोकांनी नळाला थेट मोटारी लावल्यात, त्या उरलेलंही ओढून घेतात. पाणी सुटल्यावर सुरुवातीच्या बादल्या पिवळ्या का येतात, हे शोधायला समिती नेमावी लागत नाही.

माझ्या सुनेला सातव्या महिन्यात कावीळ झाली. हिपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून होणारी ही कावीळ एरवी बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पाचांतली एखादी बाई तिने दगावते, असं डॉक्टरांनी दवाखान्याच्या जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं. सून वाचली. बाळ गेलं. त्यानंतर पाणी उकळून पिण्याचं आवाहन करणारी रिक्षा गल्लीत फिरली. कोणाला ऐकवत होतात?

आता नवा आराखडा येतोय म्हणे. केंद्राची १९९९ ची पाणीपुरवठ्याची मानकं सांगत होती : भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी, नसलेल्याला ७०. म्हणजे गटार दिलं नाही की पाण्याचा हक्कही निम्म्यावर! आणि दिलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. मग पाण्याची योजना एका टेबलावर, गटाराची दुसऱ्या आणि रस्त्याची तिसऱ्या, असं का? तिघांसाठी एकदाच खोदकाम, एकच नकाशा आणि एकच जबाबदार अधिकारी द्या. पिण्याची वाहिनी वर, गटार तिच्यापासून लांब आणि खोल. पाइप टाकण्याआधी जमिनीखाली काय कुठे आहे ते शोधून कागदावर आणा. आज ते फक्त व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या वॉलमनच्या डोक्यात आहे. तो गेला की व्हॉल्व्हही हरवले.

पण नकाशाचं लोकार्पण होत नाही ना! फीत कापायला टाकी लागते, सांडपाणी प्रक्रिया केंद्र लागतं. घराच्या चेंबरपासून केंद्रापर्यंतचं जाळं कोणाला दिसत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच २०२१ चा अहवाल वाचा : देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी, प्रक्रिया होते जेमतेम २०,२३६ वर. बाकीचं नदीत. तीच नदी पुढच्या गावाच्या विहिरीत. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा नगरपरिषदांच्या यादीत घातला. अधिकार कागदावर आले, पैसा, अभियंते आणि मंजुऱ्या वरच राहिल्या. नगरपरिषदेत विचारावं तर बोट वर, वर विचारावं तर बोट खाली. पाणीपट्टीची थकबाकी मात्र व्याजासकट अचूक काढता येते!

या पत्रावर "पुढील कार्यवाहीसाठी वर्ग" असा शेरा मारू नका. फोडलेला रस्ता बुजवण्याआधी त्यात नवी जलवाहिनी पडणार की नाही, एवढं लेखी कळवा. चर अजून उघडा आहे. ठेकेदार सोमवारी काँक्रीट ओतणार आहे.

आपला,
एक पाणीपट्टीधारक