अजून सहा महिने थांब

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, कंटाळलो आता. शनिवारी जाऊन सगळे केस उतरवून टाकतो." मी नुसतं "बघ बाबा" म्हटलं आणि फोन ठेवला. पण रात्री झोप लागेना. म्हणून हे लिहायला बसलोय. शनिवारच्या आत वाच, मग काय ते ठरव.

केस वाढवायला लागल्यापासून तुझा हा आठवा महिना. सगळ्यात वाईट काळ हाच, आणि तो मीही काढलाय. मी ४८व्या वर्षी केस वाढवायला घेतले, त्याला आता चार वर्षं झाली. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आठ महिन्यांत आठ ते दहा सेंटीमीटर. सरळ केसांच्या माणसाचे एवढे केस कानावर पडायला लागतात. आपले कुरळे केस पडत नाहीत. ते स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात आणि एवढ्या लांबीला त्यांना स्वतःचं वजन नसतं, त्यामुळे ते वर आणि आडवे वाढतात. कानांवर दोन बाजूंना दोन गठ्ठे, मागे मानेवर शेपूट, वर छत्री. आरशात बघून वाटतं, आपल्याला हे शोभतच नाही. मला रोज वाटायचं. पण तेव्हा आपण बघत असतो ते अर्ध्या वाटेवरचे केस. अजून खाली वळण्याइतके ते जडच झालेले नसतात.

आज अंघोळ करताना एक कर. कपाळावरची एक ओली बट दोन बोटांत धर आणि हलकेच सरळ कर. माझी बट त्या वेळी भुवईवर टेकायची आणि ताणली की नाकापर्यंत यायची. तेवढी लांबी तुझ्याकडेही आहे, फक्त ती वळणांत दडलीय. अजून सहा महिन्यांत बटा आपल्या वजनाने खाली यायला लागतील आणि तेव्हा पहिल्यांदा तुझे केस नेमके कसे आहेत ते तुला कळेल. आत्ता कापलेस तर ते न कळताच राहील.

आपल्या घरात हे केस तुझ्या आजीकडून आले. मला तिची एक गोष्ट अगदी डोळ्यांसमोर दिसते. न्हाऊन आली की ती खिडकीशी बसायची. केसांतून पाणी ठिबकत असायचं. डाव्या मुठीत एक बट मुळापाशी घट्ट धरायची, म्हणजे टाळूला ओढ बसत नसे, आणि उजव्या हाताच्या बोटांनी खालच्या टोकापासून गुंता सोडवायची. टोक सुटलं की दोन बोटं वर, ते सुटलं की आणखी दोन बोटं वर. कोरड्या केसांना तिने फणी लावलेली मी कधी पाहिली नाही. मी सहा-सात वर्षांचा असेन, शेजारी बसून बघायचो. तिने हे सगळं तुझ्या आत्याला शिकवलं. मला शिकवावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. मुलाचे केस काय, मशीन मारलं की झालं! चाळीस वर्षं माझ्या डोक्यावर मशीनच फिरलं.

आणि मग मीही तुझ्याशी तेच केलं. तू सातवीत असताना शाळेतून निरोप आला, केस कापल्याशिवाय वर्गात बसू देणार नाही. तुला एका शब्दाने न विचारता त्याच संध्याकाळी मी तुला घेऊन गेलो. खुर्चीत बसून तू आरशात बघत नव्हतास, खाली पडणाऱ्या बटांकडे बघत होतास. मी मागे उभा होतो आणि मला ते दिसत होतं. शाळेशी बोलता आलं असतं, निदान तुझ्याशी तरी. ते माझ्याकडून झालं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून या वेळी तू केस कापणार असशील, तर ते तुला कापायचेत म्हणून काप. कसे सांभाळायचे ते कुणी शिकवलं नाही म्हणून कापावे लागले, असं व्हायला नको.

तर आता शिकवतो.

एक गोष्ट आधी समजून घे, म्हणजे बाकीचं पाठ करावं लागणार नाही. कुरळ्या केसाचं मूळच कातडीच्या आत वाकडं असतं आणि केसाचा आडवा काप घेतला तर तो गोल न दिसता चपटा, लंबगोल दिसतो. टाळूतून जे तेल पाझरतं ते सरळ केसावरून टोकापर्यंत घसरत जातं. आपल्या केसावर ते पहिल्या दोन वळणांतच अडकतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं एकाच डोक्यावर चालतं. शिवाय प्रत्येक वळणावर केस कमजोर असतो, ओढला की तिथेच तुटतो. म्हणजे टाळू स्वच्छ ठेवायची, टोकांना ओलावा द्यायचा आणि ओढाताण टाळायची. सगळं याच्यातच आलं.

तू सांगितलंस की रोज शाम्पू लावतोस. ते आजपासून बंद. आठवड्यातून दोनदा पुरे. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी चोळून, नखं न लावता. धुताना जो फेस केसांवरून खाली वाहतो, तेवढ्याने लांबी स्वच्छ होते. साबणाची वडी डोक्याला अजिबात नको. साबण अल्कधर्मी असतो, त्याने केसावरचे खवले उघडतात आणि केस एकमेकांत अडकतात. व्यायाम करून घामाने डोकं भिजलं तर नुसत्या पाण्याने धू आणि वर कंडिशनर लाव.

कंडिशनर म्हणजे चैन नव्हे, आपल्या केसांना तो शाम्पूपेक्षा जास्त लागतो. केसांच्या मधल्या भागाला आणि टोकांना भरपूर लाव, टाळूला नको. तो केसात असतानाच, आणि फक्त तेव्हाच, गुंता काढ. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, आजीसारखं टोकापासून वर. ओला केस ताणला जातो आणि तुटतोही लवकर, पण कंडिशनरने तो निसरडा झालेला असतो म्हणून निभावतं. हात घाई करायला लागला की थांब. मला पहिले काही महिने या एका कामाला पंधरा मिनिटं लागायची, आता पाच लागतात.

गुंता काढताना हातात केसांचा पुंजका येईल. घाबरू नकोस. माझ्या हातात पहिल्यांदा आला तेव्हा आता टक्कल पडणार असं वाटून मी घाबरलो होतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळतात, सगळ्यांचेच. सरळ केस दिवसभरात कपड्यांवर, उशीवर पडून जातात. आपले गळलेले केस बाकीच्या बटांत अडकून राहतात आणि तीन-चार दिवसांचा हिशेब एकदम न्हाताना हातात येतो.

आता वाळवणं. तुझी सगळी चूक इथे होतेय असं मला वाटतं, कारण मागच्या खेपेला आलास तेव्हा मी बघितलं, तू टॉवेलने डोकं खसाखसा पुसलंस आणि मग ब्रश फिरवलास. कुरळे केस पिंजून काढायचा याहून सोपा मार्ग नाही. केसाच्या आतले काही बंध असे असतात की पाण्याने ते सुटतात आणि वाळताना परत जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल, त्या आकारात ते जुळतात. म्हणजे न्हाल्यापासून केस पूर्ण वाळेपर्यंत तू जे करशील, तेच पुढचे तीन दिवस डोक्यावर दिसणार.

म्हणून पाणी निथळत असतानाच हातावर थोडं जेल घे, दोन्ही तळव्यांत बट धरून वरून खाली हात फिरव. मग डोकं खाली वाकवून केस ओंजळीत घे आणि टोकांकडून टाळूकडे दाब, सोड, दाब, सोड. पाण्याचा पचपच असा आवाज येईल. तो आला म्हणजे केसांत पुरेसं पाणी आहे. नंतर टॉवेल न घेता जुना मऊ सुती टी-शर्ट घे आणि त्याने तसंच दाबून पाणी टिप. आणि मग हात लावू नकोस. अजिबात नाही. बटा वाळताना जेलने कडक, कुरकुरीत होतील, घाबरून धुवायला जाऊ नकोस. पूर्ण वाळल्यावर त्याच ओंजळीने हलकेच चुरगळ, कडकपणा जातो आणि आत मऊ वळणदार बट सापडते. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी आरशासमोरून हललो नव्हतो. ५० वर्षांच्या माणसाला स्वतःचे केस पहिल्यांदा दिसले होते.

खोबरेल तेल लावायचं तर न्हायच्या आधी तासभर, आणि लांबीला. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं. पण कोंडा असेल तर टाळूवर तेल थापू नकोस. कोंड्यामागची बुरशी तेलावरच जगते, तिला खायला घातल्यासारखं होतं. ही बुरशी मारणारा केटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो, तो टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून धू. कुरळ्या केसांना शाम्पू लावूच नये असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकून मी दीड महिना शाम्पू बंद केला होता आणि टाळू खाजून खाजून लाल करून घेतली.

वळण किती त्यावरून केसांचे प्रकार पाडतात, आपला दोन अ की तीन ब, यात फार अडकू नकोस. एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार असतात.

केस वाढवायचे म्हणजे कात्रीच लावायची नाही, असंही नाही. शनिवारी जा, पण एवढंच सांग: मानेवरचे आणि कानांवरचे तेवढे कमी करा, वरचे राहू द्या. मागची शेपूट गेली की निम्मा कंटाळा जातो. केस कोरडे, आपल्या वळणात असतानाच कापायला सांग. ओले ताणून कापले की वाळल्यावर भलतेच वर जातात. आणि केस विरळ करायची दातेरी कात्री हातात दिसली तर हात धरून थांबव. तिने आतले केस आखूड होतात आणि महिन्याभरात ते बटांमधून बाहेर डोकावायला लागतात. माझे तसे झाले, निस्तरायला वर्ष गेलं. कापल्याने केस जोरात वाढतात हे मात्र खरं नाही. वाढ मुळाशी होते, कात्री टोकाला लागते. फुटलेली टोकं तेवढी जातात.

बांधायला लागतील तेव्हा सैल बांध. कापड गुंडाळलेलं रबर वापर, आणि केस ओले असताना बांधू नकोस. कपाळ ताणलं जाईल असा बुचडा रोज बांधला की कानशिलांपाशी केस मागे हटायला लागतात. सुरुवातीला दुखतं, बारीक पुटकुळ्या येतात. तेव्हाच सैल केलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर येत नाहीत.

एक गोष्ट वडील म्हणून सांगायला हवी. माझा माथा विरळ होतोय, दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं. तुलाही पुढे होऊ शकतं, ते रक्तात असतं, केस वाढवल्याने होत नाही. कधी शंका आली तर लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. जे केस आहेत ते टिकवण्याचे उपचार आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग जास्त. मी उशीर केला.

आणि सरळ करून घ्यायचा विचार मनात असेल तर माझी एकच विनंती आहे, करू नकोस. त्या रसायनाने केसाच्या आतले पक्के बंध तोडतात, ते पाण्याचे बंध नव्हेत. तो केस परत कुरळा होत नाही, खालून नवा यावा लागतो.

माझा एक जुना सुती टी-शर्ट धुऊन ठेवलाय, उद्या पार्सलने पाठवतो. रुंद दातांचा कंगवाही त्यात घातलाय. रविवारी निवांत न्हा आणि टी-शर्टने पाणी टिपून झालं की मला फोन लाव. वाळायला तासभर तरी लागतो आणि त्या तासात हात सारखा डोक्याकडे जातो. आपण बोलत बसू, म्हणजे जाणार नाही.

तुझा,
बाबा