पूर्ण वाचा, मग फोन करा

ती. आई-बाबांस,
सा. न.

मी राजीनामा दिलाय. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई रात्रभर जागी राहिली असती, म्हणून लिहितेय. सुहास आणि मी आइस्क्रीमचं दुकान काढतोय. गाळा भाड्याने घेतलाय, मशीनचा अ‍ॅडव्हान्स दिलाय. तेव्हा ‘अजून विचार कर’ म्हणू नका, विचार करूनच घर थकलंय.

सुहासची नोकरी चालूच राहणार आहे, घरखर्च त्यात भागतो. तुमच्या ठेवींना हात लागणार नाही. बाबा, गुपचूप बँकेत जाऊन एफडी मोडायची नाही. ताईच्या वेळी झालं तेवढं पुरे.

थंडीत कोण खाणार, हा आईचा पहिला प्रश्न असेल. कमीच खाणार. म्हणूनच भाडं आणि हप्ता मंदीच्या महिन्यांत झेपेल एवढाच ठेवलाय, उन्हाळ्याच्या भरवशावर काहीच घेतलेलं नाही. खरा खर्च विजेचा आहे. माल उणे 18 अंशांच्या वर जाऊन चालत नाही. एकदा मऊ पडून पुन्हा गोठला की बर्फाचे कण मोठे होतात. दिसायला सगळं तसंच, पण जिभेला कचकचतं आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून सजावटीला कात्री लावून पैसे बॅटरी बॅकअपवर घातलेत. शिवाय घुसळताना हवा भरून मिश्रण दुपटीपर्यंत फुगवता येतं. नफा तिथेच असतो म्हणतात. आम्ही एवढं फुगवणार नाही. वाटी हातात जड लागली पाहिजे. (धंद्यातले लोक हसतील, हसू देत.)

पोरांनी आपले कायदे आधीच करून ठेवलेत. रविवारचा फ्लेवर गिऱ्हाइकांच्या मुलांनी ठरवायचा, नावही त्यांनीच द्यायचं. आणि चव बघायला कुणी कितीही चमचे मागितले तरी ‘नाही’ म्हणायचं नाही. दुसऱ्या कायद्याने आपण बुडणार, असं सुहासचं मत आहे.

बाबा, आपला पॉट आठवतो ना? तुम्ही हँडल फिरवायचा, मी गोणपाट टाकून वर बसायचे, दादा बर्फात खडेमीठ टाकायचा. मीठ कशाला विचारलं की तुम्ही म्हणायचा, चव यावी म्हणून. मिठामुळे बर्फ शून्याच्या खूप खाली जातो आणि त्या गारव्याने डब्यातलं दूध गोठतं, हे शाळेत शिकवलं तेव्हा मी बाईंशी भांडले होते. आमचे बाबा खोटं कशाला सांगतील! हँडल फिरेनासं झालं की आई आतलं पातं काढून आधी मलाच चाटायला द्यायची. दादा अजून तो विषय काढतो.

तुमचं काही अडणार नाही. औषधं नेहमीसारखी घरी येतील, तपासणीला मीच घेऊन जाईन. आता रजेसाठी कुणाची तोंडं बघायला नकोत. रविवारी मात्र येणं जमणार नाही. सोमवारी दुकान बंद ठेवणार आहोत, ते तुमच्याकडे यायलाच. जेवायलाच येईन, आई, घाईत नाही.

आता नीट ऐका. आई, दुकानात आलीस की खुर्चीत बसायचं. आतली फरशी ओली असते, तुझा गुडघा मला पुन्हा प्लास्टरमध्ये नको. भांड्यांना हात लावलास तर घरी पाठवीन. बाबा, फ्रीजरचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं काम तुमचं, तुमच्याइतकं नेमाने दुसरं कुणी लिहिणार नाही. आणि तुमच्यासाठी बिनसाखरेचं करून बघतेय, पण साखर गोडीपुरती नसते, तिच्यामुळेच आइस्क्रीम मऊ राहतं. ती काढली की चमचा वाकतो. जमेल हळूहळू. जमलं तरी त्यात दूध-साय असणारच, तेव्हा डॉक्टरांना विचारून दोन चमचे, तेही जेवणानंतर. आईच्या वाटीतून घेतलेले चमचेही त्यातच मोजायचे.

दादाला तुम्ही काही सांगू नका. तो चिडणार आहे, तर माझ्यावरच चिडू दे. मी रात्री बोलते त्याच्याशी.

तुमची,
मनू