तिसऱ्या पायरीला चिकटलेली चप्पल

तीर्थस्वरूप नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची चप्पल आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला चिकटली, त्याला या थंडीत वर्ष होईल. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नुसता मोजा, हातात काठी, असे तुम्ही वर आलात तेव्हा मला वाटलं, आता भांडण. तुम्ही माझ्या टेबलाकडे पाहिलंत, फरशीकडे पाहिलंत, मग माझ्या हातांकडे, आणि विचारलंत, "सूनबाई, ओतायला तुला शिकवलं कोणी?" कोणीच नाही, म्हटलं. "ते दिसतंयच," म्हणालात आणि स्टूल ओढून बसलात.

दिवाळीनंतर तुम्ही ग्वाल्हेरहून मुलाकडे पुण्याला गेलात. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि समोर आभार मानायला गेलं की तुम्ही बाड्यावरच्या बाजारातल्या भाजीचे भाव काढता. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. नातीनं मोठ्यानं वाचून दाखवावं.

तेव्हा माझं काम जेमतेम सहा महिन्यांचं होतं. लग्नातले हार वाळवायचे, मोल्डमध्ये मांडायचे, वरून रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर काचेसारखं घट्ट होणारं द्रव, ओतायचं. लश्कर भागातल्या आपल्या मराठी घरांमधूनच ऑर्डरी यायच्या. पाच लिटरचा कॅन उचलून मी थेट कपात ओतायची. गडगड आवाज करत एकदम गठ्ठा पडायचा, धार कॅनच्या पोटावरून ओघळायची, तळाला चिकटायची आणि कॅन जिथे जिथे ठेवीन तिथे गोल उमटायचा. तुमची चप्पल धरून ठेवणारा जिन्यातला तो थेंब असाच पडला होता. झाकण तर दर आठवड्याला पकडीनं उघडावं लागे.

त्यात एका मुलीच्या हाराची फ्रेम आठ दिवस झाले तरी चिकटच होती. ती तुम्ही बोटानं दाबून पाहिलीत आणि कॅनवरचं लेबल भिंग लावून वाचलंत. रेझिन आणि हार्डनर आकारमानानं २:१, वजनानं १००:४४. मी २:१ वाचून काट्यावर मोजत होते. रेझिन जड, हार्डनर हलकं, त्यामुळे ३० ग्रॅम रेझिनला १३ ग्रॅमच्या जागी १५ ग्रॅम हार्डनर जात होतं. "दोन ग्रॅमनं काय होतंय," असं मी म्हटलं. चाळीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत काढलेल्या माणसाला असं म्हणू नये, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं.

माझा स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमनंच पुढे सरकायचा. तेरा ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक म्हणजे जवळपास ८ टक्के. दुसऱ्या दिवशी सराफ्यातून ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा आणला. पण त्याहून मोठी गोष्ट तुम्ही दाखवलीत, ती मला कधी सुचली नसती: कपाच्या बाहेरून ओघळलेला थेंब काट्यावर पडतो, काटा तो मोजतो, आणि कपात तो नसतोच. तोवर सांडणं म्हणजे मला फक्त घाण वाटायची. मापाच्या कपांचंही तेच. एका कपातून दुसऱ्यात ओतलं की घट्ट रेझिनचा थर मागे जास्त राहतो, पातळ हार्डनरचा कमी. म्हणजे प्रमाण प्रत्येक वेळी थोडं बिघडणारच. तेव्हापासून दोन्ही एकाच कपात, काटा शून्यावर आणून, वजनानं.

आणि मग ओतणं. कॅनचं तोंड एका बाजूला असतं ना, ते मी नेहमी खालच्या अंगाला धरायची. तुम्ही कॅन उलटा फिरवलात, तोंड वरच्या अंगाला. धार शांतपणे पडायला लागली. आत जायला हवेला वाट मिळाली की गडगड नाही. "तेलाच्या डब्याला तुझी सासू दोन भोकं पाडते, ती कशाला?" असं विचारलंत. रोज पाहिलेली गोष्ट, पण डोक्यात कधी शिरली नव्हती.

कॅन महिन्यातून एकदाच उघडायचा, हे तुमचं दुसरं फर्मान. सॉसच्या दोन पिळायच्या बाटल्या, लाल रेझिनची, पिवळी हार्डनरची, आणि झाकणांची अदलाबदल जन्मात नाही. पिळून झालं की मी मूठ सैल करायची आणि मग बाटली सरळ करायची. मधल्या वेळात तोंडाशी थेंब लोंबायचा. तुम्ही म्हणालात, आधी उभी कर, मग मूठ सोड. बाटली हवा आत ओढते, तिच्याबरोबर तो थेंबही आत जातो. एवढंच! यासाठी मी बाजारातले महागडे पंप शोधत बसले होते.

काचेची कांडी तुम्ही तिसऱ्या दिवशी आणलीत, जुन्या रुमालात गुंडाळून. कांडी कपाच्या ओठाला टेकवायची, धार तिच्या अंगावरून मोल्डमध्ये उतरवायची, आणि थांबताना कप कांडीवरच वर घ्यायचा, म्हणजे शेवटचा थेंब कांडीवर राहतो, कपाच्या गालावर येत नाही. मी भीतभीत, बारीक धार सोडत होते आणि ती मागे वळून ओघळत होती. "किटलीतून घाबरून चहा ओतला की बशीत जातो," म्हणालात. तुम्ही तीन आठवडे रोज साडेचारला यायचात, पाणी ओतून सराव करून घ्यायचात, आणि नंतर मधाऐवजी काकवी. काकवीचे डाग अजून भिंतीवर आहेत.

जानेवारीत धुकं पडलं, पारा चार-पाचावर आला, आणि रेझिन पांढरं, रवाळ झालं. मी ते फेकायला निघाले होते, साडेतीन हजारांचा माल. तुम्ही म्हणालात, साखरलंय, मधासारखं. बाटली चाळीस-पन्नास अंशांच्या पाण्यात ठेवली, अधूनमधून हलवली, तासाभरात काचेसारखं स्वच्छ. कोमट रेझिन पातळ होतं, धार सरळ पडते, बुडबुडेही लवकर वर येतात. मग मी उत्साहात एका कपात अर्धा किलो कालवलं, आणि कप हातात धरवेना, वाफा यायला लागल्या. दहा अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर कप वाचला असता, पण ते जाऊ दे.

थिनरनं हात पुसायची माझी सवय तुम्ही ज्या आवाजात मोडलीत, तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला होता. आता ग्लोव्हज, आणि लागलंच तर आधी कोरडं फडकं, मग साबण. बाटलीचं तोंडही आधी कोरडं पुसते, मग स्पिरिटनं.

एक मात्र तुमचं ऐकलं नाही. झाकणाच्या आट्यांना व्हॅसलीन लावायला तुम्ही सांगितलं होतंत. लावलं, झाकण चिकटलं नाही, पण पुढच्या दोन फ्रेमवर छोटे छोटे खड्डे पडले, जणू रेझिन तेवढ्या जागेवरून अंग चोरून बसलं. तेलकटपणाचा कण धारेबरोबर गेला असणार. आता झाकणाखाली पातळ पिशवीचा तुकडा ठेवते. पॉलिथीनला रेझिन धरत नाही. तुम्ही यावर वाद घालणार, घाला.

त्या मुलीची फ्रेम मी नवीन करून दिली. हाराची अर्धी फुलं तिच्या आईनं राखून ठेवली होती म्हणून निभावलं. पैसे घेतले नाहीत.

कांडी माझ्याकडेच आहे, शाबूत. संक्रांतीला पुण्याला येतेय, तेव्हा आणीन, आणि तिळाची गजकही. चपलेचे पैसे तुम्ही घेणार नाही, हे ठाऊक आहे, म्हणून नवीन जोडच आणते. माप मी तुमच्या त्या चपलेवरूनच घेतलंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सूनबाई

ता. क. पायरीवरचा तो थेंब केस वाळवायच्या मशीननं गरम केला, मऊ झाला, उलथन्यानं अख्खा निघाला. तुमच्या चपलेच्या तळव्याची नक्षी त्यात जशीच्या तशी उमटली आहे. खिडकीत ठेवलाय.