सत्तरीत जमीन घेण्यापूर्वी

वाळपई, सत्तरी, गोवा

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतर कोल्हापूर सोडून सत्तरीत एखादी काजूची बाग घ्यावी आणि इथेच राहावे असे तुझ्या मनात आहे, हे वाचून मला आनंद झाला. दलालाने बागेचे फोटो पाठवून इसाराची घाई चालवली आहे, हे वाचून मात्र काळजी वाटली. इथली जमीन पुष्कळदा कागदावर एकाची आणि कष्टाने दुसऱ्याची असते. हे दलाल सांगत नाहीत, आणि फोटोत तर ते दिसणारच नाही. म्हणून पैशाचा विचार करण्याआधी हा तालुका नीट समजून घे, एवढ्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

तू पाहिलेला गोवा किनाऱ्याचा. आमचा तालुका राज्याच्या ईशान्य टोकाला, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी आहे. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे वस्ती साधारण ६४ हजार. म्हणजे गोव्याच्या मानाने फारच विरळ. वाळपई हे तालुक्याचे ठिकाण आणि एकमेव नगरपालिका, बाकी सगळी खेडी आणि त्यांच्या वाड्या-वस्त्या. पूर्वेला चोर्ला घाट चढला की बेळगावचा रस्ता लागतो, आणि आमचा सुर्ला गाव घाटमाथ्यावरच वसला आहे. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई याच डोंगरांतून उतरते आणि पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. म्हादई जलविवाद लवादाने २०१८ साली गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिले. म्हादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा या ओढ्यांचे पाणी कर्नाटकातल्या मलप्रभा नदीकडे वळवण्याचा वाद मात्र त्यानंतरही मिटलेला नाही. पणजीत तो राजकारणाचा विषय असेल. नदीकाठच्या आमच्या गावांत फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरीला पाणी किती राहील, याचा तो प्रश्न आहे. पावसाळ्यात हीच नदी घरांत शिरते. २३ जुलै २०२१च्या पुरात नदीकाठची कितीतरी मातीची घरे बसली आणि पैकूळचा पूल वाहून गेला.

केरी गावाजवळ अंजुणे धरण आहे. त्याच्या पाण्यावर खालच्या गावांत उन्हाळी शेती उभी राहिली, हे खरे. पण ज्या गावाचे नाव त्या धरणाला आहे, त्या गावाला उठावे लागले. म्हादईकाठच्या काही गावांत याहून जुनी अशी एक पद्धत अजून टिकून आहे, तिला पुरण शेती म्हणतात. पाऊस संपून पात्र उघडे पडले की शेतकरी एकत्र येऊन दगड-मातीचे बांध घालतात, पाण्याला वाट काढून देतात आणि नदीच्या पात्रातच भात पिकवतात. पुढच्या पावसाआधी कापणी उरकावीच लागते, कारण नंतर ते शेत नदीचे असते. ही शेती एकट्याने होत नाही, आणि म्हणूनच ती आता मोजक्या ठिकाणी उरली आहे.

पोटापाण्याचे म्हणशील, तर बागायतीत सुपारी, नारळ, केळी आणि मिरी एकत्र वाढतात; झऱ्याचे पाणी पाटाने फिरवलेल्या अशा बागेला आम्ही कुळागर म्हणतो. पाऊस लांबला की सुपारीला कोळेरोग, म्हणजे फळे कुजवणारा रोग, लागतो, नारळ माकडे आणि शेकरू ठेवत नाहीत, गवे भाताच्या शेतात उतरतात. पण सत्तरीच्या सामान्य घरात वर्षाकाठी रोख पैसा येतो तो मुख्यतः डोंगरावरच्या काजूतून. मार्च ते मे हा त्याचा हंगाम. पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन डोंगर चढतात, झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळे, गोळा करतात आणि पिळा देऊन बी वेगळी काढतात. बोंडू कोळमीत, म्हणजे दगडी किंवा सिमेंटच्या हौदात, पायांनी तुडवतात. निथळून येतो तो निरो. तो आंबवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केले की हुर्राक मिळतो, आणि हुर्राक पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. भाणाखालचा, म्हणजे भट्टीच्या हंड्याखालचा, जाळ फार वाढला तर दारू करपते आणि मंदावला तर उतरत नाही, म्हणून भट्टीवाला रात्रभर जागा असतो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बियांचा दर मात्र परदेशी बियांच्या आयातीवर हलतो, आणि ज्या वर्षी फुलोऱ्याच्या वेळी अवकाळी पाऊस पडतो त्या वर्षी आमच्या बाजारपेठेत गणेशचतुर्थीपर्यंत उधारीच चालते.

पिसुर्ले-होंडा-सोनशी या पट्ट्याची गोष्ट निराळी. तिथे लोहखनिजाच्या खाणी होत्या. २०१२ मध्ये त्या बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने पुन्हा थांबल्या. ट्रक घेतलेल्यांच्या डोक्यावर कर्ज राहिले आणि पिसुर्ल्याच्या शेतांत खाणीचा गाळ. आता तरुण मुले सकाळच्या बसने औद्योगिक वसाहतींत कामाला जातात.

आता मुख्य मुद्दा. पोर्तुगीज अमदानीपासून इथल्या कित्येक गावांच्या जमिनी मोकाशांच्या, म्हणजे इनामदारांच्या, किंवा सरकारच्या नावावर चालत आल्या. पिढ्यान्पिढ्या डोंगर राखणाऱ्या, त्यावर काजू लावणाऱ्या कुटुंबाचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे तुमच्याकडच्या सातबाऱ्यासारख्या कागदावर, मालक म्हणून सापडत नाही. फार तर कुळ म्हणून किंवा इतर हक्कांच्या रकान्यात सापडते, आणि पुष्कळदा कुठेच सापडत नाही. १९६४च्या कुळ कायद्याने आणि १९७५च्या मुंडकार कायद्याने शेतात राबणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर असणाऱ्याला आधार दिला, परंतु दावे वर्षानुवर्षे मामलेदार कचेरीत पडून राहतात. १९९९ मध्ये २०८ चौरस किलोमीटरांचे म्हादई अभयारण्य जाहीर झाले, त्यात अनेक वस्त्या आल्या आणि त्यांच्या हक्कांचा निवाडा रेंगाळला. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या जंगलात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. ती बातमी वाचून मला शरम वाटली आणि आजही वाटते. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने इथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ राहिलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पण ज्याच्या हातात घराचाही कागद नाही त्याला आधी कागद दिला असता, तर वाघाचे नाव काढताच तो भ्याला नसता.

शेळ-मेळावलीचे नाव तू ऐकले असशील. आयआयटीच्या संकुलासाठी तिथली सुमारे दहा लाख चौरस मीटर जमीन ठरली होती. कागदावर ती सरकारी होती, प्रत्यक्षात लोकांच्या काजूबागा होत्या. जानेवारी २०२१ मध्ये मोजणीच्या वेळी गावकरी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली, बायका सर्वांत पुढे होत्या, आणि त्याच महिन्यात सरकारने प्रकल्प तिथून हलवण्याचे जाहीर केले. जमिनीसाठी उठणे या मातीला नवे नाही. दिपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी नाणूसचा किल्ला घेतला आणि १८९५ मध्ये दादा राणे अडवईकर पोर्तुगिजांविरुद्ध उठले, हे इथले शाळकरी पोरही सांगेल.

माणसांविषयी तू निश्चिंत राहा. घरात कोकणी बोलणारे लोक भजनात, नाटकात आणि लग्नपत्रिकेत मराठी आपली मानतात. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, झर्मे, करंझोळ या भागांत रणमाले हे लोकनाट्य उभे राहते, करवल्या निघतात, बायका पौषात धालो या गाण्या-नाचाच्या मांडावर रात्री जागवतात. तू इथे उपरा ठरणार नाहीस, पण दुसऱ्याची राबती बाग विकत घेऊन आलास तर नक्की ठरशील.

म्हणून माझे ऐक. इसार मुळीच देऊ नकोस. दलालाकडून सर्व्हे क्रमांक घे आणि मला कळव. एक-चौदाचा उतारा आणि नकाशा मी काढतो. कुळाचा रकाना रिकामा असला तरी बागेत जाऊन काजू कोण वेचतो ते आपण विचारू. भातशेतीचा तर विचारच सोड, कारण २०२३च्या कायद्याने ती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. राहायचेच असेल तर वाळपईत किंवा होंड्यात स्वच्छ मालकीचे लहानसे घर पाहू, आणि बागेची हौस आमच्या कुळागरात भागव. पाट बांधायला मला माणूस हवाच आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ये, म्हणजे काजूचा हंगामही सापडेल. वहिनींनाही आण. बेळगावहून चोर्ल्याच्या बसने आलास तर वाळपईच्या स्टँडवर मी येतो.

तुझा,
विनायक